उललेली टाच

(पडद्यावर: चुलीपुढे पसरलेले दोन पाय. कॅमेरा टाचेजवळ, अगदी वीतभर अंतरावर.)

नीट पाहा. हे पाय धुतलेले आहेत. साबण लावून, दगडानं घासून धुतले आहेत. तरी भेगांमधली काळी रेघ गेलेली नाही. ती कपाशीच्या वावरातली माती आहे. वैशाखात आमची काळी जमीन जशी उलते, तशीच ही टाच उलली आहे. वऱ्हाडात दोन्हींसाठी शब्द एकच आहे.

हे पाय माझ्या आईचे. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. मार्गशीर्ष सुरू आहे आणि कापसाचा दुसरा वेचा उरकत आला आहे. पहाटे दवात भिजलेल्या पऱ्हाटीतून चालायचं, दुपारी उन्हात, संध्याकाळी डोक्यावर गाठोडं घेऊन अनवाणी घरी यायचं. मी टाचेकडे कॅमेरा नेला तर म्हणाली, "थंडीचे पाय उलतेच. त्यात काय पाह्यतं?"

तिच्या या प्रश्नासाठीच ही फिल्म केली आहे.

(पडद्यावर: मातीची भिंत. ओल्या फडक्यानं पांढऱ्या मातीचा पोतारा देणारा हात.)

आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. पोटावर किंवा हातावर त्याची जाडी जेमतेम 10 ते 20 मायक्रॉन, म्हणजे वहीच्या पानापेक्षाही कितीतरी कमी. तेवढ्याशा थरात चपट्या पेशींचे पंधरा-वीस पदर एकावर एक बसलेले असतात. अंगातलं पाणी बाहेर जाऊ न देणं आणि बाहेरचे जंतू, रसायनं, धूळ आत येऊ न देणं, ही दोन्ही कामं मुख्यतः तो थर करतो.

1980 च्या दशकात पीटर इलायस या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञानं या थराची रचना विटांच्या भिंतीसारखी असल्याचं सांगितलं. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामध्ये भरलेला गारा स्निग्ध पदार्थांचा. त्या गाऱ्यात जवळपास निम्मा वाटा सेरामाइडचा, पाव वाटा कोलेस्टेरॉलचा आणि बाकी स्निग्ध आम्लांचा. ज्यानं कधी घर बांधलंय त्याला पुढचं सांगावं लागत नाही. विटा कितीही भाजलेल्या असोत, गारा निसटला की भिंतीत पाणी मुरतं.

ही भिंत सतत नवी होत असते. तळाशी जन्मलेली पेशी वर सरकत सरकत साधारण चार आठवड्यांत पृष्ठभागावर येऊन गळून पडते. आज पंचानं अंग पुसताना जे बारीक कण निघाले, ते गेल्या महिन्यात तळाशी जिवंत होते. म्हणून कातडीचा कुठलाही खरा इलाज दोन दिवसांत होत नाही. दोन दिवसांत फरक दाखवणाऱ्या मलमाकडे मी संशयानं बघते, आणि का, ते पुढे येईल.

आता टाच. तळपायाला आणि तळहाताला तेलाच्या ग्रंथी नसतात. नाकावर, कपाळावर जो तेलकटपणा येतो तो इथे कधीच येत नाही. शिवाय टाचेवरचा थर इतर अंगाच्या कितीतरी पट जाड असतो, अनवाणी चालणाऱ्यांचा तर आणखीच जाड. असा जाड थर वाळला की वाकत नाही. पाऊल टेकलं की अंगाच्या भारानं टाच बाजूंना पसरते, ताण येतो आणि थर तडकतो. आधी वरवर, मग खोल, मग खालच्या जिवंत कातडीपर्यंत. रक्त तिथून येतं.

(पडद्यावर: कोनाड्यातली खोबरेल तेलाची बाटली.)

आमच्या घरी टाचेला तेल रोज लागायचं. आई निजायच्या आधी बोटभर तेल चोळायची. सकाळी टाच होती तशीच. मला वाटायचं, तेल कमी पडतंय.

1952 साली आयर्विन ब्लँक नावाच्या अमेरिकन संशोधकानं एक साधा प्रयोग छापला. तळपायाच्या घट्ट्याचा तुकडा घ्यायचा आणि तो वाळवून कडक करायचा. मग तो तेलात बुडवून ठेवायचा. तुकडा कडकच राहिला. पाण्यात ठेवला तर मऊ पडला. कातडीला लवचीकपणा देतं ते पाणी. या थरातलं पाणी दहा टक्क्यांच्या खाली गेलं की तो ठिसूळ होतो, मग वरून कितीही तेल ओता.

मग तेल कशासाठी? आत आलेलं पाणी उडून जाऊ नये म्हणून. आईचं तेल कमी नव्हतं. ती ते कोरड्या टाचेला लावत होती. रिकाम्या रांजणावर झाकण ठेवल्यासारखं होत होतं ते.

(पडद्यावर: वर्ध्याजवळचा रस्ता.)

ही गोष्ट विदर्भात कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्यांना चांगली ठाऊक आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये कुष्ठधाम सुरू केलं. सेवाग्रामला गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींच्या जखमा स्वतः धूत, त्यांना मालिश करत. वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं. कुष्ठरोगात नसा बधिर होतात हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच नसा घामाच्या ग्रंथींनाही चालवतात, हे फार जणांना माहीत नसतं. नस मेली की त्या भागाला घाम येत नाही. घाम नाही म्हणजे ओल नाही. पाय लाकडासारखा कोरडा पडतो, उलतो, आणि दुखत नसल्यामुळे माणूस त्याच भेगेवर चालत राहतो. जखम हाडापर्यंत जाते. बोटं झडतात ती रोगानं, असं लोक समजतात. खरं म्हणजे पुष्कळदा ती अशा न दुखणाऱ्या जखमांनी आणि त्यांत झालेल्या जंतुसंसर्गानं जातात.

अशा पायांसाठी कुष्ठरोगाच्या कामात एक रोजचा परिपाठ शिकवला जातो: भिजवा, घासा, तेल लावा. साध्या पाण्यात पाय पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवायचे. मऊ झालेली जाड कातडी खरबरीत दगडानं हलकेच घासायची, ब्लेड कधीच लावायचं नाही. मग पाणी निथळू द्यायचं, खसाखसा पुसायचं नाही, आणि ओलसर पायावर लगेच तेल किंवा व्हॅसलिन. याला ना मोठा खर्च लागतो ना यंत्र. ब्लँकनं प्रयोगशाळेत जे पाहिलं, तेच हे घमेल्यातलं रूप.

पाय बधिर असेल, मग तो कुष्ठरोगानं असो की मधुमेहानं, तर पाणी गरम घ्यायचंच नाही. कोमटही आधी दुसऱ्याच्या कोपरानं तपासून घ्यायचं. चटका बसला तरी त्या पायाला कळत नाही.

(पडद्यावर: न्हाणीघरातल्या दगडावर साबणाची वडी.)

आता साबणाबद्दल थोडं. निरोगी कातडीचा पृष्ठभाग किंचित आंबट असतो, सामू (पीएच) साधारण साडेचार ते साडेपाच. गारा तयार करणारी काही विकरं (एन्झाइम) याच आंबटपणात नीट काम करतात. साध्या साबणाचा सामू नऊ-दहाच्या घरात. आपल्याकडे हातपाय धुवायला कपड्यांची वडीच वापरतात, कधी धुण्याचा सोडाही. मळ निघतो, त्याबरोबर गाराही जातो. पाय धुवा, जरूर धुवा, पण अंगाच्या साबणानं आणि एकदाच.

(पडद्यावर: बिब्याची काळी फळं तळहातावर.)

मी सातवीत होते. आईच्या डाव्या टाचेला एवढी भेग पडली की ती चवड्यावर चालायची. शेजारच्या काकू बिबा घेऊन आल्या. सुई टोचून बिबा दिव्यावर धरला. फसफस आवाज झाला, काळं तेल फुगून वर आलं आणि तो कढत थेंब त्यांनी भेगेत सोडला. आईनं पदर दातांत धरला होता. वास अजून माझ्या नाकात आहे.

दोन दिवसांनी पाय सुजला. तिसऱ्या दिवशी पाण्यानं भरलेले फोड आले, घोट्याच्या वरपर्यंत. बिबा उतला, असं सगळे म्हणाले. बारा दिवस आई वेचणीला जाऊ शकली नाही. म्हणजे बारा दिवसांची मजुरी बुडाली. काकूंचा हेतू वाईट नव्हता, त्यांच्या आईनंही हेच केलं होतं.

बिब्याच्या तेलातली द्रव्यं स्निग्धात विरघळणारी. भिंतीतला गारा त्यांना अडवत नाही, उलट वाट देतो. आत शिरल्यावर शरीराची संरक्षण यंत्रणा त्यांच्यावर तुटून पडते. पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा करायला बिबाच वापरत, आणि त्या खुणेच्या जागी अंगावर पुरळ उठल्याच्या नोंदी जुन्या वैद्यकीय लिखाणात आहेत. तो बिबा आपण उघड्या भेगेत ओततो, जिथे भिंतच उरलेली नसते. माझं कळकळीचं सांगणं आहे, भेगेला बिबा लावू नका.

(पडद्यावर: पाठीवर पंप, कपाशीत फवारणी करणारा माणूस. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला.)

स्निग्धात विरघळणारी आणखी एक गोष्ट आपल्या वावरात आहे. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कित्येक शेकडो दवाखान्यात होते. त्या बातम्यांत श्वासातून गेलेल्या औषधाची चर्चा फार झाली, कातडीतून गेलेल्याची कमी. गळक्या पंपाचं औषध पाठीवर, कमरेवर झिरपतं, घामानं चिकटलेला सदरा ते दिवसभर अंगाला दाबून धरतो. जांघेतली कातडी तर फार पातळ, तिथून ते झपाट्यानं आत शिरतं. बऱ्याच औषधांत मुळात तेलकट द्रावक असतो, तो गारा सैल करतो. ज्याच्या हाताला आधीच भेगा आहेत, बोंडांच्या वाळक्या टोकांनी बोटं चिरली आहेत, त्याचं दार उघडंच. औषध काठीनं ढवळा, हातानं नको. अंगावर सांडलं तर फवारणी तिथेच थांबवा, कपडे काढा, साबणपाण्यानं अंग धुवा. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका.

(पडद्यावर: भंडारा जिल्हा. पाण्यानं भरलेली बांधी, ओळीनं वाकलेल्या बाया, रोवणी.)

पूर्वेकडे गेलं की चित्र उलटं होतं. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत धान. रोवणीच्या दिवसांत बाया आठ-आठ तास पोटरीभर चिखलात उभ्या असतात. इथे पायाला पाणी कमी पडत नाही, अती होतं. विटा फुगतात, गारा विस्कटतो, बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडून सालटं निघतात. त्याला चिखल्या म्हणतात. टाचेला ओल हवी तर बेचक्याला कोरडेपण हवं, आणि एकाच पायाला दोन्ही हवं असतं, ही यातली खरी अडचण.

या भागात चिखल्यांना एक गंभीर बाजू आहे. पूर्व विदर्भ हत्तीरोगाचा पट्टा आहे. हत्तीपाय झालेल्या माणसाला मधूनमधून थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होतो, ठणकतो, आणि अशा प्रत्येक झटक्यानंतर सूज थोडी वाढूनच राहते. तो झटका बहुतेक वेळा बोटांच्या बेचक्यातल्या चिरेतून शिरलेल्या जंतूंमुळे येतो. म्हणून हत्तीपायाच्या रुग्णाला औषधाच्या गोळ्यांइतकंच महत्त्वाचं काम दिलेलं असतं: पाय रोज साबणपाण्यानं धुणं, प्रत्येक बेचकं मऊ फडक्यानं टिपून कोरडं करणं, चीर दिसली की मलम लावणं, बसताना पाय उंच ठेवणं. मोठ्या सुजेचा पाय धुवायला अर्धा तास लागतो. घड्या उघडून उघडून धुवावं लागतं. एकट्यानं होत नाही, घरातल्या कुणीतरी समोर बसावं लागतं.

रोवणीला उतरण्याआधी तळपायाला आणि घोट्यापर्यंत व्हॅसलिनचा थर द्या. घरी आल्यावर धुऊन बेचकी कोरडी करा. बेचक्यात तेल नको.

(पडद्यावर: गावातलं मेडिकल दुकान, बाहेरून. दुकानाचं नाव दिसत नाही.)

दोन दिवसांत गुण देणाऱ्या मलमाची गोष्ट इथे येते. गावात कुणालाही नायटा झाला की तो दुकानातून एक ट्यूब आणतो. तिच्यात बुरशीचं औषध असतं, जंतूंचं असतं आणि जोडीला जबर ताकदीचं स्टिरॉइड. खाज त्याच रात्री थांबते. लाली उतरते. माणूस खूश होऊन मलम सोडतो, आठ दिवसांत नायटा दुप्पट होऊन परत येतो. कारण स्टिरॉइडनं फक्त शरीराचा प्रतिकार गप्प केला होता, बुरशी आत पसरतच होती. महिनोन्महिने असं चाललं की कातडी पातळ होते, जांघेत पांढरट चट्टे पडतात, ते कायमचे राहतात. गाऱ्यातले स्निग्ध पदार्थ बनणंही कमी होतं. केंद्र सरकारनं 2018 मध्ये 14 स्टिरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरी ट्यूब मिळते. नायट्याला बुरशीचंच औषध लागतं, काही आठवडे लागतं, आणि घरात आणखी कुणाला असेल तर सगळ्यांना एकदम.

पण स्टिरॉइडला सरसकट शिव्या देणंही चूक. लहान लेकराच्या कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत इसब होतं, रात्रभर ते खाजवतं, रक्त काढतं. आजी म्हणते, अंगातली उष्णता बाहेर पडतेय, दाबू नका. 2006 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की इसब असलेल्या पुष्कळांमध्ये फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात दोष असतो. हे प्रथिन विटा घट्ट बसवतं, आणि पुढे त्याचेच तुकडे होऊन विटेत पाणी धरून ठेवतात. ते कमी पडलं की भिंत जन्मतःच गळकी. बाहेरची धूळ, जंतू आत डोकावतात आणि आतून सूज भडकते. त्या भडक्याच्या वेळी सौम्य स्टिरॉइड, डॉक्टरांनी सांगितलेलं, सांगितलेले दिवस, हेच योग्य औषध. मोठ्या माणसाच्या बोटाच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली मलमाची रेघ दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते, इतकं ते मोजता येतं. बाकी रोजचं काम मॉइश्चरायझरचं: थोडक्यात कोमट आंघोळ, अंग टिपून दोन-तीन मिनिटांत सगळीकडे लेप. पांढरं व्हॅसलिन यात सगळ्यात स्वस्त, आणि पाणी उडून जाणं अडवण्यात त्याच्या तोडीचं फार कमी आहे.

तेलांबद्दलही लोक विचारतात. ढाक्याच्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाच्या तेलानं मालिश केलं, तेव्हा त्यांच्यातला जंतुसंसर्ग 41 टक्क्यांनी कमी झाल्याचं 2005 मध्ये प्रसिद्ध झालं. या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं आणि गारा बनवायला ते लागतं. आपल्या करडईच्या तेलातही ते भरपूर असतं. मोहरीचं तेल मात्र बाळाच्या अंगाला लावू नका, ते भिंत बिघडवतं.

काही गोष्टी घरी सांभाळायच्या नाहीत. भेगेभोवती लाली पसरतेय, पू येतोय, ताप आहे, मधुमेह आहे, किंवा टाच उलूनही दुखत नाही, यातलं एकही असेल तर सरळ प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. न दुखणं हे तर सगळ्यात आधी दाखवण्याचं कारण. अंगावर फिकट, बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. भेगा फारच जाड असतील तर डॉक्टर युरियाचं मलम देतात. युरिया पाणी धरतो आणि घट्टा सैल करतो. खताचा युरिया मात्र कुणी चुकूनही लावू नये, हे सांगावं लागतं कारण लोक विचारतात.

(पडद्यावर: रात्र. अंगणात बाज. प्लास्टिकच्या टबात आईचे पाय.)

पंधरा दिवस आम्ही रोज हे केलं. पहिल्या रात्री आई दहा मिनिटांत पाय काढायला लागली, म्हणाली, बसून राहायची सवयच नाही. मी तिच्यासमोर पाटावर बसले. तिचे पाय असे हातात घेऊन मी कधी बसले नव्हते. उजव्या टाचेत खोल अशा चार भेगा, डावीत सहा, आणि डावीच्या कडेला गुळगुळीत, चकचकीत वण, जुन्या बिब्याचा. दगड हलकेच फिरवला की पांढरट गाळ निघायचा. ओल्या टाचेवर व्हॅसलिन, त्यावर सुती मोजे. मोजे तिला अवघडल्यासारखे होत होते. कापूस आयुष्यभर वेचला, पायात पहिल्यांदाच घातला.

आठव्या रात्री भेगांच्या कडा बसल्या. पंधराव्या रात्री उजवीकडची एकच उरली, डावीकडच्या दोन. रक्त नाही. काळी रेघ त्या तिघींत अजून आहे. परवापासून तिसरा वेचा. आईनं टब न्हाणीत न नेता बाजेखालीच सरकवला आहे.